गाळाचं बेट: बांधून द्यायचं आणि मग सोडून द्यायचं?

केतकी_आल्मेर (धागाकर्ती)

भराव टाकून केलेल्या जमिनींवरच्या मागच्या धाग्यात मी नेदरलँड्समधल्या मार्कर वाडेन या गाळाच्या कृत्रिम बेटांचं नाव घेतलं, आणि दोघातिघांनी "नुसतं नाव घेऊन पळू नकोस" म्हणून दटावलं. तर घ्या.

आधी जागा. अ‍ॅमस्टरडॅमच्या ईशान्येला मार्करमेर नावाचं तळं आहे, सुमारे ७०० चौरस किलोमीटरचं. शंभर वर्षांपूर्वी ते तळं नव्हतंच, झायडरझे नावाच्या समुद्राच्या खाडीचा भाग होता. १९१६ साली मोठा पूर आला आणि कोर्नेलिस लेली या इंजिनिअरची जुनी योजना बासनातून बाहेर निघाली. १९३२ मध्ये ३२ किलोमीटरचा बांध घालून खाडीचं तोंड बंद केलं. काही वर्षांत पाणी गोडं झालं. मग पाणी उपसून एकेक तुकडा कोरडा करायचं काम सुरू झालं. मी राहते ते आल्मेर अशाच, १९६८ साली उघड्या पडलेल्या तळावर वसलंय. शेवटचा मोठा तुकडा मार्करमेरचा. त्यासाठी सत्तरच्या दशकात एन्खाउझेन ते लेलिस्टाड असा आणखी एक बांध घातला. पण तोवर लोकांची मतं फिरली होती, वर्षानुवर्षं खल झाला आणि योजना गुंडाळली गेली. बांध मात्र राहिला.

या अर्धवट राहिलेल्या कामाने तळ्याचं वाटोळं केलं. खोली सरासरी चार मीटरच्या आत, तळाशी बारीक चिकण गाळ. जरा वारा सुटला की तळ ढवळतो. पूर्वी प्रवाह हा गाळ इकडचा तिकडे नेत असे, आता चारी बाजूंनी बांध. गाळ वर येतो, खाली बसतो, पुन्हा वर येतो. पाणी गढूळ, तळावर मऊ चिखलाचा थर, त्यात शिंपले गुदमरतात, पाणवनस्पतींना ऊन मिळत नाही. काठ दगडी असल्यामुळे उथळ, दलदलीचा असा किनाराच कुठे नाही. मासे घटले, त्यांच्या मागोमाग पक्षी घटले.

नातूरमोनुमेंटन ही इथली निसर्गरक्षणाची १९०५ पासूनची संस्था. त्यांनी म्हटलं, गाळ हाच त्रास आहे ना, मग त्याचीच बेटं करू. २०१२ मध्ये त्यांना पोस्टकोड लॉटरीतून १५ दशलक्ष युरो मिळाले, मग सरकारनेही पैसे घातले. २०१६ मध्ये बोस्कालिस कंपनीने काम सुरू केलं. आधी वाळूचं गोल कडं, मग त्याच्या पोटात तळातला गाळ आणि चिकणमाती पंपाने भरायची. सप्टेंबर २०१८ मध्ये पहिलं बेट लोकांसाठी उघडलं. पहिल्या टप्प्यात पाच बेटं, नंतर आणखी दोन.

आता माझा खरा विषय. या बेटांवर एकही पक्षी कोणी आणून सोडलेला नाही. चिखल जरा आळला आणि वाऱ्यावर आलेल्या बियांतून एका दलदली झाडाच्या पिवळ्याधमक फुलांचं रान माजलं. चिलटांचे थवे इतके की लांबून धूर वाटावा. चिलटांमागे पाकोळ्या आल्या, उथळ पाण्यात माशांची पिल्लं आली, त्यांच्यावर सुरय (टर्न) पक्षी आले. उघड्या वाळूवर उचाट्या आणि चिखल्या पक्ष्यांनी अंडी घातली. दोन-तीन वर्षांत हे सगळं. मुख्य बेटावर लाकडी पायवाटा आहेत, निरीक्षण मनोरे आहेत, लेलिस्टाडहून फेरी जाते. बाकीच्या बेटांवर माणसांना बंदी.

मला हे फार आवडलं, हे लपवत नाही. पण एक प्रश्न डोक्यातून जात नाही. जमीन आपण केली, पाण्याची पातळी आपण ठरवतो, कुठे चालायचं हे आपण ठरवतो. मग "निसर्गावर सोडलं" म्हणजे नक्की काय सोडलं? तुम्हाला काय वाटतं?

तिरपागडे

लॉटरीच्या पैशातून बेट! आमच्याकडे लॉटरीच्या पैशातून फक्त लॉटरीवाल्याचा बंगला झालेला पाहिलाय.

पाणकावळा

छान लिहिलंयस केतकी. उचाट्या आमच्याकडे हिवाळ्यात अधूनमधून दिसतो, वर वळलेली चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत खातो. त्याला घरटं करताना बघणं म्हणजे चैन आहे. फोटो टाक.

ड्रेजर

या क्षेत्रात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं तांत्रिक.

गाळ कड्यात ओतला की बेट झालं, असं नसतं. पंपातून जे येतं त्यात माती कमी आणि पाणी जास्त. ते पाणी वरच्या थराच्या वजनाने हळूहळू पिळून निघावं लागतं. वरून साय धरते, भेगा पडतात, दिसायला जमीन दिसते आणि पाय ठेवला तर माणूस मांडीपर्यंत आत. अशी जमीन पुढे कित्येक वर्षं खचत राहते. म्हणजे आज जो भाग पाण्याच्या वर आहे तो काही वर्षांनी पाण्याखाली असू शकतो. नेहमीच्या भरावात आम्हाला या खचण्याची धास्ती असते, कारण वर इमारत येणार असते. इथे वर काही यायचंच नाही, त्यामुळे खचलं तरी बिघडत नाही, उलट उंचसखलपणा मिळतो. ही कल्पना मला सगळ्यात हुशारीची वाटते. खर्चही त्यामुळेच आटोक्यात राहतो.

वाऱ्याच्या बाजूला वाळूचे उंच किनारे आणि दगडी बांध, आडोशाच्या बाजूला उघडं, अशी रचना आहे. ती तशी नसती तर पहिल्याच हिवाळ्यात सगळा गाळ पुन्हा तळ्यात गेला असता.

आता कौतुकाला एक खीळ. पहिल्या टप्प्याचं क्षेत्र, पाण्याखालचा भाग धरून, हजार हेक्टरच्या आसपास. म्हणजे १० चौरस किलोमीटर. तळं ७००. दीड टक्काही नाही. "तळ्याचा गाळ काढला" असं कोणी म्हणत असेल तर हिशोब जुळत नाही. पक्ष्यांसाठी चांगली जागा केली, एवढं म्हणा, मी मान्य करतो.

केतकी_आल्मेर

@ड्रेजर, बरोबर. संपूर्ण तळं स्वच्छ होईल असा दावा इथले संशोधकही करत नाहीत. बेटांच्या आडोशाला पाणी शांत राहतं, तिथे गाळ बसतो, पाणी निवळतं आणि अन्नसाखळी चालू होते, एवढं त्यांच्या अभ्यासात दिसतंय. बेटांच्या कामाबरोबर संशोधनाचा वेगळा कार्यक्रमच ठेवलाय, तळातल्या किड्यांपासून पाण्यातल्या पिसवांपर्यंत सगळं मोजतात.

@पाणकावळा, फोटो आहेत, पण सगळे पक्षी ठिपक्याएवढे.

सदाफुली

मला एक कळत नाही. कोणी आणलं नाही तर बिया आल्या कुठून? चारी बाजूंनी पाणी आहे ना?

पाणकावळा

@सदाफुली, वाऱ्याने, पाण्याने, पक्ष्यांच्या पायाला लागलेल्या चिखलातून, विष्ठेतून. आइसलँडजवळ १९६३ मध्ये ज्वालामुखीतून सुर्त्से नावाचं बेट वर आलं, तिथे तर सुरुवातीला नुसता लाव्हा आणि राख होती आणि तरी १९६५ मध्ये पहिलं फुलझाड सापडलं. पुढे कुरव पक्ष्यांनी वसाहत केली आणि त्यांच्या विष्ठेच्या खतावर हिरवळ पसरली. तिथे शास्त्रज्ञांशिवाय कोणाला पाय ठेवू देत नाहीत. तरी एकदा टोमॅटोचं रोप उगवलेलं सापडलं. कसं, ते विचारू नकोस. कोणा तज्ज्ञाला प्रातर्विधी आवरला नव्हता इतकंच.

सदाफुली

हाहाहा. शास्त्रज्ञ झाले म्हणून काय झालं!

गोदाकाठचा

केतकीताई, धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. मी निफाड तालुक्यातला. आमच्याकडे हेच सगळं झालंय, फक्त कोणी ठरवून केलेलं नाही.

गोदावरी आणि कादवेच्या संगमाखाली नांदूरमधमेश्वरला इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे. बांधला तो कालव्यांसाठी. डावा आणि उजवा कालवा तिथूनच निघतो, पाणी पार कोपरगाव-राहात्याकडे जातं. बंधाऱ्यामागे शंभर वर्षं गाळ साचत गेला. पाणीसाठा कमी झाला म्हणून पाटबंधारे खात्याच्या लेखी ते नुकसान. पण त्या गाळाचे उंचवटे झाले, बेटं झाली, पाणकणीस आणि बोरू माजला, आणि पाखरं यायला लागली. १९८६ मध्ये अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. चापडगावच्या मनोऱ्यावरून थंडीत बघा. चमचे, चित्रबलाक, जांभळ्या पाणकोंबड्या, हजारांनी बदकं. बेटांवर कोणी झाड लावलं नाही की पाखरू सोडलं नाही.

पण "सोडून दिलं" म्हणाल तर तसंही नाही. वरच्या गंगापूर-दारणा धरणांतून आवर्तन सुटलं की पातळी बदलते. कालव्याला पाणी गेलं की बदलते. नाशिक शहराचं सांडपाणी येतं, त्यावर पाणवेली पोसते आणि सगळं पाणी झाकून टाकते. पाणवेली निसर्गावर सोडली तर बदकाला बसायला हातभर पाणी उरणार नाही. ती काढावीच लागते.

वाचनमात्र

पहिल्यांदाच लिहितेय. हे सगळं गोड चाललंय, पण त्या खाडीवर जगणाऱ्या लोकांचं काय झालं हे कोणी विचारलं नाही. झायडरझेमध्ये हेरिंग आणि अँचोव्हीची मोठी मासेमारी होती. बांध पडला, पाणी गोडं झालं आणि ती संपली. कोळ्यांसाठी १९२५ मध्ये मदतीचा कायदा केला होता, पण धंदा गेला तो गेला. उर्क नावाचं खरंखुरं बेट होतं, कोळ्यांचं. भोवतालचं पाणी उपसल्यावर ते जमिनीला चिकटलं. आज ते फक्त नावाला बेट आहे. तिथले लोक चिवट म्हणून लांब उत्तर समुद्रात जाऊन मासे आणू लागले. म्हणजे आधी खरं बेट पुसलं आणि ऐंशीएक वर्षांनी खोटं बेट केलं.

केतकी_आल्मेर

@वाचनमात्र, पहिलीच प्रतिक्रिया आणि काय नेमकी. उर्कचे लोक आजही हा विषय निघाला की तोंड फिरवतात असं ऐकलंय. "खोटं बेट" हा शब्द मात्र मला जरा टोचला. :)

भीमाथडी

वाचनमात्र ताईंनी दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. आमची उजनी घ्या. १९८० ला धरण झालं, ११७ टीएमसीचं. किती गावं गेली खाली. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी हटलं की वर येतं, मग पेपरवाले फोटो काढायला येतात. त्याच पाण्यावर भिगवणला फ्लेमिंगो येतात आणि पुण्याची मंडळी मोठमोठ्या लेन्सा घेऊन येतात. होडीवाले भोई लोक त्यांना फिरवतात. काही पोरं आता पक्ष्यांची नावं इंग्रजीत सांगतात. चांगलं झालं, नाही म्हणत नाही. पण ते पाणी आमच्या आज्याच्या वावरावर आहे हे कुणाला ठाऊक नसतं.

तिरपागडे

मी जरा आडवं बोलतो, राग नसावा. "निसर्ग आपला आपण वसला" ही गोष्ट विकायला सोपी असते. देणगीदाराला आवडते, लॉटरीवाल्याला आवडते. पण याच देशात, केतकीताईंच्या घरापासून फार लांब नाही, ओस्टफार्डर्सप्लासेन नावाची जागा आहे. तिथे काय झालं ते सांगा की. धाग्यात त्याचा उल्लेख नाही याचं मला नवल वाटलं.

केतकी_आल्मेर

@तिरपागडे, तुम्ही कोणी काढाल याची वाट बघत होते. मोठी गोष्ट आहे.

१९६८ मध्ये दक्षिण फ्लेवोलँड, म्हणजे आल्मेर आहे तोच तुकडा, कोरडं केलं तेव्हा एक सखल कोपरा कारखान्यांसाठी ठेवला होता. कारखाने आले नाहीत, पाणी साचून राहिलं, बोरू वाढला आणि हजारो राखी कलहंस तिथे पिसं गाळायला येऊ लागले. हे हंस बोरू खात आणि त्यामुळे मध्ये मध्ये उघडं पाणी राही. फ्रान्स व्हेरा नावाच्या पर्यावरणतज्ज्ञाला यात एक सिद्धांत दिसला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की युरोपात पूर्वी सगळीकडे गच्च जंगल नव्हतं, मोठी चरणारी जनावरं रान मोकळं ठेवत. मग कोरड्या भागात १९८३ पासून हेक जातीच्या गाई, कोनिक घोडे आणि नंतर लाल हरणं सोडली. भोवती कुंपण. शिकारी प्राणी नाहीत, चारा द्यायचा नाही, माणसाने मध्ये पडायचं नाही.

सुरुवातीला डोळे दिपावेत असं झालं. २००६ मध्ये पांढऱ्या शेपटीच्या गरुडाने तिथे घरटं केलं, नेदरलँड्समध्ये पहिल्यांदा. पण जनावरं वाढत गेली. झाडं, झुडपं खाऊन संपवली, नुसतं खुरटं गवत उरलं. २०१७-१८ चा हिवाळा कडक होता. सुरुवातीला पाच हजारांवर जनावरं होती, त्यातली तीन हजारांहून जास्त त्या हिवाळ्यात गेली. बहुतेकांना उपासमारीने तडफडू नये म्हणून वनखात्याच्या लोकांनी गोळी घातली. इथे आग भडकली. लोक रात्री कुंपणावरून गवताच्या पेंढ्या आत फेकत होते. वनरक्षकांना धमक्या आल्या. शेवटी प्रांत सरकारने समिती नेमली, जनावरांच्या संख्येला मर्यादा घातली आणि "मध्ये पडायचं नाही" हे धोरण संपलं.

म्हणून मी मूळ पोस्टमध्ये तो प्रश्न विचारला होता. मार्कर वाडेनचं पहिलं बेट उघडलं तेव्हा हे उदाहरण अगदी ताजं होतं.

पाणकावळा

हे वाचून अंगावर काटा आला. पण दोन्हींत फरक आहे. घोडा कुंपणाबाहेर जाऊ शकत नाही. सुरय पक्ष्याला मासे मिळाले नाहीत तर तो उडून दुसरीकडे जातो. बेटावर जे आलं ते स्वतःहून आलं आणि स्वतःहून जाऊ शकतं. ओस्टफार्डर्सप्लासेनमध्ये जनावरं आणून कोंडली आणि मग म्हटलं, आता तुमचं तुम्ही बघा. त्याला निसर्गावर सोडणं म्हणवत नाही मला.

तिरपागडे

हा फरक मान्य. पहिल्यांदाच या संस्थळावर कोणी मला निरुत्तर केलंय, तारीख लिहून ठेवा.

ड्रेजर

पाण्याच्या पातळीचा मुद्दा राहिला. तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर कोणी बोलत नाही.

निसर्गात युरोपातल्या तळ्यांची पातळी हिवाळ्यात, पावसाने, वर असते आणि उन्हाळ्यात खाली जाते. उन्हाळ्यात काठाचा चिखल उघडा पडतो, त्यावर बोरूचं बी रुजतं. मार्करमेरमध्ये उलटं आहे. हिवाळ्यात पातळी खाली ठेवतात, म्हणजे पावसाचं पाणी सामावेल आणि वादळात बांधांना धोका होणार नाही. उन्हाळ्यात वर ठेवतात, शेतीला पाणी लागतं म्हणून. २०१८ पर्यंत ठरलेली पातळी उन्हाळ्यात समुद्राच्या मानक पातळीखाली २० सेंटिमीटर आणि हिवाळ्यात ४० होती. फरक वीतभर, आणि तोही उलट्या दिशेने. अशा पाण्यात बोरू नव्याने रुजणार कसा? म्हणून तर बेटांच्या पोटातली पाणथळ मुद्दाम कड्यांनी वेगळी ठेवायची, म्हणजे तिथली पातळी स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येते.

म्हणजे "नैसर्गिक" चढउतार आणायला झडपा आणि पंप. @केतकी, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे.

केतकी_आल्मेर

त्यात आणखी भर घालते. काही ठिकाणी बोरू मुद्दाम पेरला. तो कोवळा असताना कलहंस येऊन फस्त करतात, म्हणून काही भागांना जाळीची कुंपणं घातली. आणि विलोची झाडं. मे-जूनमध्ये विलोच्या कापसासारख्या बिया वाऱ्यावर येतात आणि ओल्या चिखलावर पडल्या की लाखोंनी रुजतात. सोडलं तर काही वर्षांत बेटाचं विलोचं जंगल होईल. सुरय आणि चिखल्यांना तर उघडी वाळू, शिंपल्यांचा सडा असं काहीतरी लागतं. मग स्वयंसेवक जातात आणि विलोची रोपं उपटतात.

माझी एक डच मैत्रीण या उपटण्यावर चिडते. म्हणते, विलो पण आपण होऊनच आला ना, मग त्यानेच काय पाप केलं?

सदाफुली

खरंच की. विलोने काय पाप केलं?

गोदाकाठचा

सदाफुलीताई, पाप काही नाही. पण विलोला वाढायला सगळा युरोप मोकळा आहे. सुरयला उघडी वाळू कुठे उरलीय? नद्यांना बांध घातले, काठ दगडाने बांधले. पूर्वी नदी दर पुरात जुनं बेट खरवडून न्यायची आणि दुसरीकडे नवं टाकायची. उघडी वाळू कायम कुठेतरी असायची. आता नदीने खरवडायचं काम बंद झालंय, ते कोणीतरी हाताने करावं लागतं. मला यात विसंगती वाटत नाही.

पाणकावळा

गोदाकाठच्या दादांना दंडवत. हे इतकं स्वच्छ मी कुठे वाचलं नव्हतं.

यावरून भरतपूर आठवलं. केवलादेव हेही माणसाने केलेलं पाणथळ, महाराजांनी बांध-पाट घालून शिकारीसाठी केलेलं. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून चराई एका फटक्यात बंद केली. गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसं मेली. आणि पुढे काय झालं? म्हशी चरत नाहीत म्हटल्यावर पाण्यात गवत इतकं माजलं की उघडं पाणी कमी झालं आणि पक्ष्यांची पंचाईत झाली. मुंबईच्या बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) तिथे दहा वर्षं अभ्यास केला. त्यांनीच आधी चराईबंदीची बाजू घेतली होती आणि त्यांच्याच अभ्यासातून निघालं की म्हशींचं चरणं पाणथळाला लागत होतं. पक्षी म्हशींच्या आधाराने राहत होते, हे आधी कोणी मोजलंच नव्हतं.

वाचनमात्र

आणि त्यासाठी माणसं मेली. हे प्रत्येक वेळी दुसऱ्या वाक्यात का येतं?

पाणकावळा

माझ्या पोस्टमध्ये ते आधी आलंय, ताई. पण तुमचा रोख कळला.

अवलिया_७७

धागा मस्त. +१. अवांतर: मार्कर वाडेनवर राहायची सोय आहे का? जेवण शाकाहारी मिळतं का?

केतकी_आल्मेर

@अवलिया_७७, मुख्य बेटावर काही छोटी घरं भाड्याने मिळतात, फार आधी आरक्षण करावं लागतं. वीज वगैरे सगळं बेटावरच तयार होतं. दुकान नाही, तेव्हा शाकाहार तुमच्या पिशवीत. मे-जूनमध्ये जाणार असाल तर चिलटांची तयारी ठेवा. चावत नाहीत, पण तोंड उघडून हसायची सोय नाही.

भीमाथडी

ड्रेजर साहेब, एक विचारतो. आपल्याकडे "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" योजना २०१७ पासून आहे. धरणातला गाळ काढून शेतात टाकायचा. त्यातलाच थोडा गाळ धरणातच एका कडेला कड्यात टाकून असं बेट करता येईल का? उजनीत नदी सुरय उन्हाळ्यात उंचवट्यांवर अंडी घालतात. पाणी हटलं की तो उंचवटा काठाला जोडला जातो आणि भटकी कुत्री चालत जाऊन अंडी-पिल्लं साफ करतात. दरवर्षीचं आहे हे.

ड्रेजर

@भीमाथडी, प्रश्न चांगला आहे, उत्तर कटकटीचं.

मार्करमेरची पातळी वर्षभरात वीतभर हलते. उजनी पूर्ण भरलेली आणि मृत साठ्यापर्यंत उतरलेली, यात सहाएक मीटरचा फरक, आणि बऱ्याच वर्षी ती त्याच्याही खाली मायनसमध्ये जाते. ऑगस्टमध्ये पाण्याच्या वर राहील आणि मे महिन्यात पाण्याने वेढलेलं राहील असं बेट करायचं म्हणजे खोल पाण्यात उंच टेकाड उभं करावं लागेल. मऊ गाळाचं एवढं टेकाड उभं राहत नाही, उतार पसरट ठेवावा लागतो, म्हणजे माती बेसुमार लागते.

पण उलटा विचार करा. सुरयला बेट वर्षभर नकोय. अंडी घालण्यापासून पिल्लं उडेपर्यंतचे तीन-चार महिनेच हवंय. पावसाळ्यात ते बुडालं तर उत्तमच, वरची झाडोरा-झुडपं आपोआप मरतील, उपटायला कोणी नको. तेव्हा मे महिन्याच्या पातळीच्या हिशोबाने, जुन्या नदीपात्राजवळ जिथे उन्हाळ्यातही पाणी राहतं तिथे, बुटके उंचवटे आणि भोवती रुंद चर. गाळ काढायला पोकलेन आणि टिपर तसेही येतातच. चर खणून निघालेला मुरूम-माती मध्ये टाकायची, एवढंच. वर खडी-वाळूचा थर.

गोदाकाठचा

हे पटलं. फक्त आवर्तनाचं वेळापत्रक सांभाळायला लागेल. वरून अचानक पाणी सोडलं तर अंडी बुडतात. नदीतल्या बेटांवर हे नेहमी होतं.

ड्रेजर

हो, म्हणून उंची ठरवताना एप्रिल-मे मधल्या जास्तीत जास्त पातळीवर मीटरभर तरी वाढवून धरायची. मागच्या वीसेक वर्षांच्या पातळ्या जलसंपदा खात्याकडे असतात, रोजच्या.

तिरपागडे

सगळं झालं. उंचवटा झाला, चर झाला, खडी झाली. पाणी हटल्यावर तिथे कलिंगड कोण लावणार नाही?

भीमाथडी

तिरपागडे बरोब्बर बोलले. पाणी हटलं की ती गाळपेर जमीन. धरणग्रस्तांना वर्षाच्या बोलीने कसायला मिळते, आणि ज्यांना मिळत नाही तेही कसतात. सुपीक गाळ, खत नको, पाणी शेजारी. आमच्याच भावकीतले आहेत तिथे. त्यांना जाऊन सांगू का, की तुमची जमीन धरणात गेली, आता गाळपेरही पाखरांना द्या?

वाचनमात्र

न सांगता केलं तर भरतपूर होईल.

पाणकावळा

गाळपेरीतला एखादा तुकडा त्या हंगामापुरता भाड्याने घेता येणार नाही का? कलिंगडाचं जे उत्पन्न बुडेल ते भरून द्यायचं आणि राखण करायचे पैसे त्याच शेतकऱ्याला. कुत्री हाकलायला तिथे राहणारा माणूसच लागतो, पुण्याहून येऊन कोणी हाकलणार नाही.

भीमाथडी

हे बोलण्यासारखं आहे. चुलत्याला विचारतो. पैसे कोण देणार ते आधी सांगा, कारण पहिला प्रश्न तोच येणार. आणि आगाऊ द्यावे लागतील, एकदा रोप लावलं की मग कोणी ऐकत नाही. डिसेंबरच्या आत.

तिरपागडे

लॉटरी काढा.

केतकी_आल्मेर

@तिरपागडे 😄

@भीमाथडी, मी इथल्या मराठी मंडळात विषय काढते. वचन देत नाही. पण चुलते एकरी किती म्हणतात ते विचारून ठेवा, आकडा हातात असला की लोक ऐकतात.

भीमाथडी

विचारतो. एकरी सांगणार नाहीत, "तुम्हीच बोला" म्हणतील. ड्रेजर साहेब, चराची रुंदी किती धरायची?

ड्रेजर

कुत्रं पोहतं, हे विसरू नका. तीसेक मीटरच्या आत असेल तर पोहून जाईल. मी कच्चं रेखाटन करून टाकतो, पण आधी जागेवरच्या पातळ्या लागतील. मे महिन्यात पाणी कुठवर राहतं ते होडीवाल्या भोई मंडळींना विचारा, त्यांना नकाशापेक्षा जास्त माहीत असतं.